अंगणात गेलेली शाळा

अहिल्यानगर जिल्ह्यात आज गावोगावी 'अंगणवाडी' दिसते. या शब्दातील अंगण मात्र एके काळी खरेखुरे होते. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी समुद्रकाठच्या बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. माँटेसरी पद्धतीची घडीव साधने खेड्याला परवडणारी नव्हती. मग शिंपले, खडे, बिया, पाने हीच मोजण्याची, रचण्याची, खेळण्याची साधने ठरली. (काटकसर तर खरीच, पण मुलांच्या ओळखीच्या म्हणूनही ती सरस!) तरीही गरीब वस्तीतील मुले केंद्रापर्यंत पोहोचत नव्हती. तेव्हा ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही भरली. १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने 'अंगणवाडी' हे नाव देशभर पोहोचवले.