जिभेखालची गोळी आणि सुजलेला गुडघा

भांडुप पश्चिमेला औषधांच्या दुकानात मी फार्मासिस्ट म्हणून लागले, तेव्हा एल. बी. एस. मार्गावरचे कारखाने धडधडत होते. शिफ्ट सुटली की काउंटरवर झुंबड. कुणाला जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट हवी, कुणाला गुडघ्याची गोळी. टेंभीपाड्याच्या चढावर हंडे वाहिलेल्या बायका म्हणायच्या, "गुडघे धरलेत गं, काहीतरी दे." बहुतेक कोकणातल्या, निरगुडीचा शेक घरी आधीच घेऊन झालेला असे.

या दोन्ही गिऱ्हाइकांच्या दुखण्यात एकच वायू आहे, हे कॉलेजात मला शिकवलं नाही. तेव्हा ते पुस्तकांत आलंच नव्हतं. सॉर्बिट्रेटच्याच जातीचं नायट्रोग्लिसरिन छातीच्या कळेवर एकोणिसाव्या शतकापासून देत आलेत. डायनामाइटवाल्या आल्फ्रेड नोबेललाही डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं. पण त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, हे फरीद मुराद यांनी 1977 साली दाखवलं. आपल्या रक्तवाहिन्यांचं अस्तरही तोच वायू बनवतं, हे 1987 मध्ये साल्वादोर मोंकादा यांच्या गटाने सिद्ध केलं. याच वायूवरच्या कामासाठी 1998 चं नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना मिळालं. मोंकादांना वगळलं, हे मला आजही पटत नाही.

सांध्यांची गोष्ट उघडली 1992 साली. संधिवाताच्या रुग्णांच्या सांध्यातल्या पाण्यात नायट्राइट वाढलेलं सापडलं. वायू काही सेकंदांत विरतो, नायट्राइट ही त्याची मागे उरलेली खूण. रक्तवाहिनीत तो जरुरीपुरता, थोडाथोडाच सुटतो. सुजलेल्या सांध्यात मात्र अस्तराच्या आणि कूर्चेच्या पेशी तो बनवणारं वेगळंच विकर (एन्झाइम) तयार करतात, आणि ते दिवसेंदिवस वायू ओतत राहतं. सुपरऑक्साइडशी गाठ पडली की त्याचं पेरॉक्सिनायट्राइट होतं. मग कूर्चेच्या पेशी मरतात, नवी कूर्चा घडेनाशी होते.

आमच्या गोळ्या या वायूसाठी नव्हत्याच. डायक्लोफेनॅक काय, रोफेकॉक्सिब काय, रोखतात ती दुखणं आणि सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन. रोफेकॉक्सिबने हृदयविकाराचा धोका वाढतो म्हणून सप्टेंबर 2004 मध्ये कंपनीने ती जगभरातून मागे घेतली आणि वर्षअखेर भारतातही बंदी आली. तरी लोक तीच मागत राहिले, कारण तिने दुखणं खरंच थांबायचं. त्यांना नाही म्हणताना फार जड जायचं.

पुढे दोन उलट वाटा निघाल्या. एका गटाने नेप्रॉक्सेनला नायट्रिक ऑक्साइड देणारा तुकडा जोडला, पोट आणि रक्तदाब सांभाळावा म्हणून. 2010 मध्ये अमेरिकेने त्या नेप्रॉक्सिनॉडला परवानगी नाकारली. दुसऱ्यांनी सांध्यातलं विकरच बंद करणारं सिंड्युनिस्टॅट 1,400 हून जास्त गुडघेदुखीच्या रुग्णांवर दोन वर्षं तपासलं. 2013 साली निकाल छापून आला: झीज थांबली नाही. विकर बंद केलं की गुडघा वाचेल, हा हिशेब फार सरळ होता, असं मला वाटतं.

आमवाताला, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या संधिवाताला, आज डॉक्टर मेथोट्रेक्सेट लिहितात, आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून पाकिटावर मी वार मोठ्या अक्षरांत लिहून देते.