रायरेश्वराची शपथ : एका दिवसाची कथा, चौदा वर्षांचा इतिहास

१/ भोंगवलीत वाढलेल्या माझ्या पिढीने एक चित्र लहानपणापासून पाहिले आहे. रायरेश्वराच्या गाभाऱ्यात किशोरवयीन शिवराय करंगळी कापून पिंडीवर रक्ताचा अभिषेक करीत आहेत, भोवती मावळे उभे आहेत. सन १६४५. भोर तालुक्याचा हा मोठा अभिमान. पण या प्रसंगाला आधार कोणता?

२/ मुख्य आधार एका पत्राचा. रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरसप्रभू यांना महाराजांनी १६४५ मध्ये लिहिलेले म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्यात रोहिरेश्वराचा आणि हिंदवी स्वराज्याचा उल्लेख येतो. करंगळी आणि रक्ताभिषेक मात्र त्यात नाहीत. पत्राच्या अस्सलपणाविषयीही अभ्यासकांत एकमत नाही.

३/ पत्र खरे मानले, तरी त्याचा हेतू धीर देण्याचा आहे. विजापूरच्या धाकाने दादाजींचे वडील हवालदिल झाले होते. पत्रातली ही भीती चित्रात कुठेही उमटत नाही.

४/ ती भीती निराधार नव्हती. १६५९ मध्ये अफझलखान चालून आला, तेव्हा देशमुखांना आदिलशाही फर्माने गेली. उत्रौळीचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले. कारीचे कान्होजी जेधे मुलांसह महाराजांकडे आले आणि, जेधे करीन्यानुसार, त्यांनी वतनावर पाणी सोडले. दोघेही आपल्याच मुलखातले, पण निर्णय परस्परविरुद्ध.

५/ मग कथा का रुजते? राज्य उभे राहते ते वतनांच्या वाटाघाटी, महसूल, किल्ल्यांची डागडुजी आणि माणसांची मनधरणी यांतून. त्याचे चित्र काढता येत नाही. रक्ताच्या थेंबाचे काढता येते. शिवाय कथा आपल्याला आश्वासन देते की आपले पूर्वज सारेच एका बाजूला होते.

६/ कागद हे आश्वासन देत नाहीत, पण अधिक मोलाचे काही देतात. कारीच्या जेधे घराण्यात जपलेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यातील नोंदीमुळे महाराजांचे जन्मवर्ष १६२७ ऐवजी १६३० असल्याचे मत पुढे आले. एका घरातल्या दप्तराने रूढ समजुतीला आव्हान दिले आणि महाराजांची थोरवी तिळभरही उणी झाली नाही.

७/ रायरेश्वरी अवश्य जावे, माथा टेकावा. उतरताना मात्र कान्होजींची आठवण ठेवावी. चित्रातला मावळा शपथेला बांधलेला आहे, त्याच्यापुढे दुसरी वाट नाही. कान्होजींपुढे ती होती. म्हणूनच त्यांच्या निष्ठेला किंमत आहे.