खडकीची लढाई गेममध्ये आणायची तर? स्वतःचं ‘मॉड्यूल’ कसं बनवतात, समजून घ्या

गेम घ्यायचा, कंपनीनं रचलेली गोष्ट खेळायची आणि संपली की विसरून जायचं. बहुतेक गेमचं असंच असतं. पण २००२ साली कॅनडाच्या बायोवेअर कंपनीनं ‘नेव्हरविंटर नाइट्स’ हा गेम आणला, तेव्हा त्यासोबत एक वेगळीच वस्तू दिली होती. तिचं नाव ‘ऑरोरा टूलसेट’. या टूलसेटमध्ये खेळणाऱ्यानं स्वतःच जागा, माणसं, राक्षस, संवाद आणि कोडी रचायची आणि आपली गोष्ट दुसऱ्याला खेळायला द्यायची.

अशा तयार गोष्टीला म्हणतात ‘मॉड्यूल’. गेल्या वीसेक वर्षांत जगभरच्या हौशी लोकांनी अशी मॉड्यूल्स ढिगानं बनवली. बायोवेअरनं तर लेखकाच्या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांकडून याच टूलसेटमध्ये केलेलं छोटं मॉड्यूल नमुना म्हणून मागवलं होतं.

हे काम नेमकं कसं चालतं? एक उदाहरण घेऊन बघू. उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे, ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई.

मॉड्यूल हा शब्द आला कुठून?

१९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद-पेन्सिल आणि फाशांचा खेळ आला. त्यात एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. दर वेळी नवी गोष्ट सुचणं अवघड, म्हणून १९७८ पासून या खेळाच्या कंपनीनं तयार गोष्टींच्या पुस्तिका विकायला सुरुवात केली. नकाशा, पात्रं, धोके, बक्षिसं सगळं एकाच पुस्तिकेत. त्या पुस्तिका म्हणजे मॉड्यूल. नेव्हरविंटर नाइट्स याच खेळाच्या नियमांवर चालतो, म्हणून शब्दही तोच राहिला.

२०१८ मध्ये बीमडॉग कंपनीनं या गेमची सुधारित आवृत्ती काढली. ती आजच्या संगणकांवर चालते. गेम मोबाइलवरही खेळता येतो, पण मॉड्यूल बनवायला मात्र विंडोजचा संगणक लागतो.

आधी गोष्ट, मग नकाशा

नवखा माणूस टूलसेट उघडला की पहिल्यांदा मोठं शहर बांधायला घेतो. महिनाभर रस्ते, घरं, झाडं लावतो आणि मग कंटाळून सोडून देतो. शहर उभं राहतं, पण तिथं जाऊन करायचं काय, हे ठरलेलंच नसतं.

खडकीच्या लढाईचंच बघा. दुसऱ्या बाजीरावाचं सैन्य इंग्रजांच्या कित्येक पटींनी मोठं होतं. इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरची रेसिडेन्सी सोडून खडकीच्या फौजेकडे गेला आणि मागे रेसिडेन्सी जाळली गेली. बापू गोखले मैदानात होते, तर पेशवे पर्वतीवरून लढाई बघत होते. मराठ्यांच्या घोडदळाचा हल्ला दलदलीच्या जागेत अडखळला आणि दिवस इंग्रजांच्या बाजूनं गेला.

हे सगळं दाखवायचं म्हटलं तर हजारो स्वार लागतील. ते या गेमला झेपणार नाही. शिवाय निकाल आधीच ठरलेला. मग खेळणाऱ्याच्या हातात उरलं काय?

त्याचं उत्तर या लढाईतल्याच एका बारीक गोष्टीत आहे. मुळेपलीकडे दापोडीला एक पलटण होती. पगार पेशव्यांचा, अधिकारी इंग्रज. तिचा प्रमुख होता फोर्ड. पेशव्यांचे सरदार मोरो दीक्षित यांची आणि त्याची मैत्री होती. वैर झालं तरी एकमेकांच्या कुटुंबाला जपायचं, असं या दोघांत बोलणं झाल्याचं ग्रँट डफनं आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिलंय. ग्रँट डफ स्वतः त्या लढाईत हजर होता. पुढे लढाईच्या दिवशी फोर्डची पलटण नदी ओलांडून इंग्रजांना मिळाली. मोरो दीक्षित तिच्यावर चालून गेले आणि तिच्याच तोफेच्या माऱ्यात पडले.

इथे मॉड्यूल सापडतं. खेळणारा पेशवा नाही, सेनापतीही नाही. तो या दोघांमधला एक जासूद आहे. जासूद काल्पनिक, त्याच्याजवळचं पत्रही काल्पनिक. लढाईचा निकाल तो बदलू शकत नाही. पण पत्र पोचवायचं, फोडून वाचायचं की दुसऱ्याला विकायचं, हे त्याच्या हातात आहे. हारजीत ठरलेली आहे, शब्द पाळला जाईल की नाही ते मात्र ठरलेलं नाही.

नकाशा किती मोठा हवा?

टूलसेटमधली प्रत्येक जागा म्हणजे एक ‘एरिया’. तो चौकोनी फरशांनी, म्हणजे ‘टाइल’नी भरायचा. एक टाइल १० मीटर बाय १० मीटरची. एका एरियात जास्तीत जास्त ३२ बाय ३२ टाइल बसतात, म्हणजे ३२० मीटरची बाजू. खडकीपासून गणेशखिंडीपर्यंतचं मैदान यात अख्खं मावणार नाही.

म्हणून तुकडे पाडायचे. आपल्या उदाहरणाला चार एरिया पुरतात: दापोडीची छावणी, मुळेचा काठ, गणेशखिंडीची वाट आणि तिच्या दक्षिणेची वेताळ टेकडी. एका एरियाच्या कडेला गेलं की पुढचा उघडतो. मधलं अंतर खेळणारा मनात भरून काढतो.

गेममधली तयार घरं युरोपातल्या मध्ययुगासारखी आहेत. वाडा, दीपमाळ, पार असं काही मिळणार नाही. चाहत्यांनी बनवलेल्या नव्या वस्तूंच्या फाइल्स असतात, त्यांना ‘हॅकपॅक’ म्हणतात. त्या जोडता येतात. पण पहिल्याच मॉड्यूलला त्यात अडकू नका. रात्रीची वेळ ठेवा, धुकं वाढवा, घरांऐवजी नदी, झाडी आणि तंबू दाखवा.

संवादाचं झाड

मॉड्यूलमधलं खरं काम इथे आहे. टूलसेटमध्ये संवाद झाडासारखा फुटत जातो. समोरच्या पात्राचं वाक्य लाल रंगात, खेळणाऱ्याला मिळणारे पर्याय निळ्या रंगात.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. वेताळ पंचविशी आठवा. वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर माहीत असून विक्रम गप्प राहिला तर डोक्याची शकलं होणार. बोलला तर वेताळ परत झाडावर जाणार. दोन पर्याय आणि दोन्हींची किंमत वेगळी. उत्तम संवाद असाच लिहिला जातो.

म्हणून आपल्या मॉड्यूलमध्ये अद्भुताचा भाग म्हणून टेकडीवरचा वेताळ ठेवता येईल. तो जासुदाला अडवतो आणि विचारतो, “मित्राला दिलेला शब्द मोठा की धन्याचं खाल्लेलं मीठ?” बरोबर उत्तर असं काही नाही. पण जे उत्तर द्याल ते पुढे उपयोगी पडेल किंवा अंगाशी येईल.

इथे एक गोष्ट नवख्यांना हमखास नडते. पात्राची सुरुवातीची वाक्यं गेम वरून खाली तपासतो आणि ज्याची अट पहिल्यांदा जुळेल तेच वाक्य बोलतो. बिनअटीचं वाक्य सगळ्यात वर ठेवलं तर खालची वाक्यं कधीच ऐकू येणार नाहीत. त्यामुळे खास अटींची वाक्यं वर आणि साधं “रामराम, कुठनं आलात?” सगळ्यात खाली.

गेमला आठवण द्यायची

वेताळाला दिलेलं उत्तर पुढच्या पात्राला कळणार कसं? त्यासाठी ‘व्हेरिएबल’ लागतो. व्हेरिएबल म्हणजे नाव लिहिलेला एक डबा, ज्यात एक आकडा ठेवलेला असतो. ‘पत्र’ नावाचा डबा घेऊ:

- १ म्हणजे पत्र मिळालं
- २ म्हणजे फोडून वाचलं
- ३ म्हणजे न फोडता पोचवलं
- ४ म्हणजे विकलं

मोजणी १ पासून सुरू करायची, कारण रिकाम्या डब्यात गेमला ० दिसतो. शून्यालाच अर्थ दिलात तर “अजून काही घडलंच नाही” आणि “हे घडलं” यात फरक उरणार नाही.

हे आकडे बदलायला छोट्या स्क्रिप्ट लिहाव्या लागतात. भाषा ‘सी’च्या वळणाची आहे. प्रोग्रामिंग येत नसेल तरी घाबरू नका, पहिल्या मॉड्यूलला लागणाऱ्या स्क्रिप्ट दोन-चार ओळींच्या असतात. आणखी एक काळजी घ्या. प्रत्येक पात्राला आणि वस्तूला ‘टॅग’ नावाची ओळख द्यावी लागते आणि स्क्रिप्ट तिला त्याच नावानं शोधते. स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं तर कुठलीही तक्रार न करता काहीच घडत नाही. म्हणून टॅगची यादी वहीत लिहून ठेवा.

खेळणाऱ्याला काम लक्षात राहावं म्हणून ‘जर्नल’ असतं. पत्राच्या प्रत्येक टप्प्याला जर्नलमध्ये एक नोंद द्या. दोन दिवसांनी गेम उघडणाऱ्याला तोच आधार असतो.

मराठी अक्षरांची अडचण

आपल्याकडच्यांना सगळ्यात बोचणारी गोष्ट ही. हा गेम युनिकोडच्या आधीच्या पद्धतीनं अक्षरं साठवतो. त्यात देवनागरी नीट उमटत नाही. गोष्ट मराठी असली तरी पडद्यावर मराठी लिपी येणार नाही.

यावर तीन वाटा आहेत. पहिली, मोबाइलवर आपण मेसेज करतो तसं रोमन अक्षरांत मराठी लिहायचं. दुसरी, प्रत्येक वाक्याला आवाजाची फाइल जोडता येते, म्हणून संवाद मराठीत रेकॉर्ड करायचे. चार मित्र आणि एक शांत खोली एवढ्यावर हे जमतं आणि परिणामही मोठा होतो. तिसरी वाट म्हणजे साधनच बदलायचं. ‘ट्वाइन’ या मोफत साधनात फाटे फुटणाऱ्या गोष्टी लिहिता येतात. तयार गोष्ट ब्राउझरमध्ये उघडते, त्यामुळे देवनागरी व्यवस्थित दिसते. चित्रांसह पूर्ण गेम करायचा असेल तर ‘गोडो’ हे मोफत इंजिन २०२३ च्या चौथ्या आवृत्तीपासून जोडाक्षरंही नीट दाखवतं.

मात्र पूर्ण गेम हे वर्षांचं काम असतं. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ आणला. त्याआधी त्यांची लोकवर्गणीची मोहीम लक्ष्यापर्यंत पोचली नव्हती. मॉड्यूलमध्ये चित्रं, नियम, लढाईचं तंत्र आयतं मिळतं. तुमच्याकडून फक्त गोष्ट लागते.

दुसऱ्याच्या हातात देण्याआधी

टूलसेटमध्ये एफ-९ दाबलं की मॉड्यूल लगेच खेळून बघता येतं. आपण नेहमी ठरल्या वाटेनंच खेळतो, म्हणून मुद्दाम वाकडं वागून बघा. फोर्डलाच मारलं तर? पत्र टाकून दिलं तर? वेताळाला न भेटताच पुढे गेलं तर? गोष्टीला आवश्यक असलेल्या पात्रांना आणि वस्तूंना इजा होऊ नये यासाठी ‘प्लॉट’ ही खूण करता येते. नंतर एका मित्राला खेळायला बसवा आणि स्वतः मध्ये एक शब्दही बोलू नका. तो जिथे अडेल तिथे चूक तुमची आहे.

बनवलेलं मॉड्यूल विकायची परवानगी नाही, फुकट वाटायचं असतं. चित्रपटातलं गाणं किंवा दुसऱ्याचं चित्र विचारल्याशिवाय वापरायचं नाही.

आणि इतिहासावर बेतलेलं असेल तर सुरुवातीलाच एक पाटी लावा: लढाई, तारीख, मोरो दीक्षित आणि फोर्ड खरे; जासूद, पत्र आणि वेताळ काल्पनिक. खऱ्या माणसांच्या तोंडी मोजकीच वाक्यं ठेवा आणि मोठे निर्णय काल्पनिक पात्राला घेऊ द्या. या काळाकडे महाराष्ट्रात लोक वेगवेगळ्या नजरेनं बघतात. खरं काय आणि रचलेलं काय, हे कळण्याचा हक्क खेळणाऱ्याला आहे.

थोडक्यात

चार एरिया, पाच-सहा पात्रं, एक पत्र आणि तीन वेगळे शेवट. पहिल्या मॉड्यूलला एवढं पुष्कळ झालं. ते अर्ध्या तासात खेळून संपलं तरी चालेल, पण पूर्ण झालेलं असावं. खेळून झाल्यावर मित्रानं “त्या पत्राचं मी दुसरं काही केलं असतं तर?” असं विचारलं आणि पुन्हा सुरुवात केली, तर तुमचं मॉड्यूल जमलं असं समजा.