तळटीप : भूकंपांचा थवा

* थवा : एरवी आधी मोठा धक्का बसतो, मागून लहान येतात. थव्यात असा म्होरक्या नसतो. दिवसचे दिवस जमीन थरथरत राहते. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या सॉल्टन सरोवराच्या दक्षिणेस हे वारंवार घडते, कारण सॅन अँड्रियास आणि इंपीरियल या प्रस्तरभंगांमधले भूकवच तिथे ताणले जाऊन पातळ होते आहे. ऑगस्ट २०१२मध्ये तिथल्या ब्रॉली शहराजवळच्या थव्यातला सर्वांत मोठा धक्का ५.४ रिश्टरचा होता. सप्टेंबर २०१६मध्ये बॉम्बे बीच या वस्तीजवळचे धक्के त्याहून लहान, तरीही राज्याने सावधगिरीचा इशारा दिला, आणि तो योग्यच होता: सॅन अँड्रियासचे दक्षिण टोक तिथेच आहे, आणि त्या टोकाकडचा भाग सुमारे ३०० वर्षांत मोठ्या भूकंपाने हललेला नाही. डहाणू-तलासरीकरांनी नोव्हेंबर २०१८पासून सोसलेले धक्केही थव्याचेच.