हौशी कारागीर आणि यंत्रांचें रणांगण

भिवंडीच्या गल्लीबोळांतून जातांना बंद दारांआडून येणारी मागांची खटखट ज्यानें एकदां ऐकली, त्याला ती सहसा विसरतां येत नाहीं. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनीं येथें हातमाग मांडले. पुढें मुंबईच्या गिरण्यांनीं टाकून दिलेले जुने यंत्रमाग येथें येऊन पुन्हां चालूं लागले. आणि १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी कामगारांनीं संप पुकारला, तेव्हां मुंबईचें पुष्कळसें काम याच लहान लहान शेडांत आलें. मोठ्या भांडवलाची गिरणी थंड पडावी आणि चार मागांचा मालक मात्र तगून राहावा, हें दृश्य या गांवानें पाहिलें आहे. तगण्याची किंमत कामगारानें किती मोजली, हा प्रश्न अर्थातच निराळा, आणि तो लहान नाहीं.

अशाच एका विषम झुंजीची हकीकत आम्ही आज सांगणार आहों. तिचें क्षेत्र वरवर पाहतां कापडाच्या धंद्यापासून फार दूरचें. तरी मूळ एकच. फ्रान्समध्यें जाकार यानें १८०४ च्या सुमारास भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून नक्षी विणणारा माग सिद्ध केला. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानें आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यासाठीं तीच युक्ति उचलली. १८६४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तांत तो सांगतो कीं, फुल्ली-गोळ्याचा खेळ खेळणारें यंत्र करावें आणि तें लोकांस दाखवून मोठ्या यंत्रासाठीं पैसा उभा करावा, असें आपल्या मनांत होतें. तो बेत त्यानें पुढें सोडून दिला. पण यंत्राला खेळावयास बसवावें ही हौस इतकी जुनी आहे.

११ मे १९९७ रोजीं डीप ब्लू या यंत्रानें बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्ह यास हरविलें, तेव्हां पुष्कळांस वाटलें कीं, हा विषय आतां संपला. तो संपला नव्हता. बुद्धिबळांत पट उघडा असतो, आणि आपली पाळी येईपर्यंत प्रतिपक्ष थांबतो. १९९८ सालीं निघालेल्या स्टारक्राफ्ट या संगणकी युद्धखेळांत पाळी अशी नसतेच. खाणींतून द्रव्य काढणें, छावणी बांधणें, सैन्य उभारणें आणि लढणें हीं सारीं कामें एकाच वेळीं चालवावीं लागतात. आणि आपले हेर जेथें पोंचले नाहींत, तेथें केवळ अंधार. खेळ पूर्ण वेगानें चालला म्हणजे सेकंदाच्या सुमारें चोविसाव्या भागांत पुढला क्षण येऊन ठेपतो. विचाराला सवड एवढीच!

२००९ च्या सुमारास बीडब्ल्यूएपीआय नांवाचें साधन तयार झालें. त्याच्या योगें कोणीही लिहिलेली आज्ञावली या खेळांतील सैन्य चालवूं लागली. २०१० सालीं अमेरिकेंत एआयआयडीई या विद्वत्परिषदेच्या निमित्तानें अशा स्वयंचलित खेळाडूंची स्पर्धा भरली आणि बर्कले विद्यापीठाचा ओव्हरमाइंड तींत पहिला आला. पुढलीं दोन्ही वर्षें एकट्यानें लिहिलेला स्कायनेट जिंकला. येथून हौशी मंडळींचा काळ सुरू झाला. दिवसा नोकरी करावी, रात्रीं आज्ञावलीची एखादी ओळ फिरवावी, आणि यंत्राला आपसांत डाव खेळावयास लावून सकाळीं निकाल पाहावा, असा हा छंद. ज्याला घरांत एखादें वेड असलेला माणूस आहे, त्याला तो अधिक वर्णन करून सांगावयास नको.

खरी कसोटी २०१७ सालीं लागली. त्या वर्षीं फेसबुकच्या संशोधन शाखेनें चेरीपाय नांवाचा आपला खेळाडू मैदानांत उतरविला. एकंदर २८ स्पर्धक होते. चेरीपाय सहावा आला. पहिले तिन्ही क्रमांक एकेकट्या हौशी माणसांच्या कृतींनीं घेतले. पहिला आलेला झेडझेडझेडकेबॉट हा ऑस्ट्रेलियांतील एका गृहस्थाचा. त्याची ख्याति शत्रूची घडी बसण्यापूर्वींच धाड घालण्याविषयीं होती. महाराष्ट्रांतील वाचकांस या युद्धनीतीचें नांव सांगण्याची जरूरी नाहीं. शिवाय कोणत्या प्रतिपक्षापुढें कोणती सुरुवात फळाला आली, याची टिपणें ठेवून तो पुढच्या फेरींत त्यांचा उपयोग करी.

मात्र भांडवल एका पराभवानें घरीं बसत नाहीं. २०१८ सालीं सॅमसंगच्या मंडळींचा साइडा पहिला आला आणि चेरीपाय दुसरा. जानेवारी १९१९ नव्हे, २०१९ मध्यें (शतकाची ही चूक आमच्या पिढीकडून वारंवार होते!) डीपमाइंडच्या अल्फास्टारचे डाव लोकांसमोर आले. खेळ याच्याच दुसऱ्या भागाचा. दोन धंदेवाईक खेळाडूंवर प्रत्येकीं ५-० असा जय. अल्फास्टारच्या प्रत्येक प्रतिरूपास १४ दिवसांत २०० वर्षांपर्यंतच्या खेळाचा सराव घडविला होता. कोणत्या हौशी माणसानें एवढी यंत्रसामग्री कोठून आणावी? या उद्योगाचा प्रमुख ओरिओल विन्याल्स हा २०१० च्या ओव्हरमाइंडचा तालीमगुरु होता, हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे. मोठा कारखाना याच आखाड्यांतून वर गेला.

तथापि आखाडा बंद पडला नाहीं. स्पर्धेनंतर प्रत्येकाची आज्ञावली सर्वांस खुली करावी, असा त्या स्पर्धेचा दंडक. त्यामुळें आल्बर्टा विद्यापीठाच्या कृतीवरून एका हौशी लेखकानें स्टीमहॅमर घडविला, स्टीमहॅमरवरून दुसऱ्यानें लोकटस; आणि लोकटसचा नमुना उचलून इतर अनेक उभे राहिले. नमुना उचलण्यावरून विणकरांत भांडणें होतात, तशीं कुरबूर येथेंही झाल्यास नवल नाहीं. पण आमच्या मतें याच मोकळेपणानें एकट्या माणसाला बळ दिलें. २०१९ सालीं लोकटस पहिला आला. २०२० सालीं त्याच कर्त्याचा स्टारडस्ट हा दुसरा खेळाडू जिंकला, आणि त्याचीही आज्ञावली ज्याला हवी त्याला वाचावयास मिळाली.