नदीचा जमाखर्च

पावसाळा सरून चार महिने लोटले, आकाशांत ढगाचा मागमूस राहिला नाहीं, तरी नदी वाहतच असते. हें पाणी येतें कोठून? आज शाळेंतील मुलालाही हा प्रश्न अवघड वाटत नाहीं. समुद्राची वाफ, वाफेचे मेघ, मेघांचा पाऊस, पावसाची नदी आणि नदी पुनः समुद्रास, हें चक्र तो घडघडां म्हणून दाखवितो. परंतु सतराव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला तरी युरोपांतील पुष्कळ पंडितांना हें उत्तर पटत नव्हतें. पाऊस पडतो वर्षांतले थोडे दिवस, आणि मुरतो जमिनींत दोनचार हात. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर बारमाही नद्या कशा पोसल्या जाणार, अशी त्यांची शंका होती. समुद्राचें पाणी भूगर्भांतील गुप्त वाटांनीं डोंगरांच्या पोटांत चढतें व तेथून झऱ्यांच्या रूपानें बाहेर पडतें, असें किर्खर या जेझुइट पंडितानें १६६५ सालीं चित्रांसह प्रतिपादिलें. झऱ्यांना पावसावांचून दुसरा आधार नाहीं, हें बर्नार पालिसी यानें १५८० सालींच छापून सांगितलें होतें. पण तो पडला कुंभार. लॅटिन न येणाऱ्या माणसाचें पंडितांनीं कां ऐकावें?

हा वाद तर्कानें मिटण्यासारखा नव्हताच. तो हिशेबानें मिटावयाचा होता. आणि तो हिशेब मांडला एका बडतर्फ खजिनदारानें, हें मला मोठें गमतीचें वाटतें. प्येर पेरो हा पॅरिसच्या सरकारी वसुलावरील बडा अधिकारी. चालू सालच्या वसुलांतून मागील देणीं भागविल्यावरून कोल्बेर मंत्र्याची त्याच्यावर इतराजी झाली आणि १६६४ सालीं त्याची जागा गेली. सिंड्रेलाची गोष्ट लिहिणारा शार्ल पेरो तो याचा धाकटा भाऊ. दुसरा भाऊ क्लोद वैद्य आणि शिल्पज्ञ होता. रिकाम्या झालेल्या प्येरनें नद्यांची वही उघडली, आणि १६७४ सालीं झऱ्यांच्या उत्पत्तीवरील आपलें पुस्तक नांव न घालतां प्रसिद्ध केलें.

त्यानें सबंध देशाचा हिशेब घेतला नाहीं. सेन नदीचा उगमाजवळचा लहानसा तुकडा घेतला. लांबी सुमारें तीन कोस, रुंदी सुमारें दोन कोस. (कोस अर्थात् फ्रान्सचे, आपल्या कोसाहून बरेच मोठे.) तीन वर्षांच्या मोजणीवरून पावसाची सरासरी सालीना एकोणीस इंचांवर निघाली. जमेच्या बाजूस आलें २२ कोटि ४८ लक्ष ९९ हजार ९४२ म्युई पाणी. म्युई हें त्या काळचें तिकडचें पिंपाचें माप. नदीवाटे जाणारें पाणी भरलें अवघें ३ कोटि ६४ लक्ष ५३ हजार ६०० म्युई. म्हणजे पाऊस अपुरा पडण्याचें दूरच राहिलें, तो नदीच्या गरजेच्या सहापट निघाला! नदीचा प्रवाह त्यानें दुसऱ्या एका ओढ्याशीं तुलना करून अजमासानेंच धरला होता. तेव्हां शेवटल्या आंकड्यापर्यंतचा हा काटेकोरपणा कारकुनी संवयीचा समजावा. पण एवढ्या तफावतीपुढें अजमासाची चूक क्षम्य होती.

पाऊस मापण्याची कल्पना कांहीं नवी नव्हती. कोठाराशीं हातभर तोंडाचें पर्जन्यमापक कुंड ठेवावें, असें कौटिलीय अर्थशास्त्रांत सांगितलें आहे, आणि तें काम सन्निधात्याकडे, म्हणजे खजिनदाराकडेच आहे! निरनिराळ्या प्रांतांचीं पर्जन्यमानें देतांना त्या ग्रंथानें अपरान्ताचा, म्हणजे आपल्या कोंकणाचा, पाऊस अमित म्हणून सोडून दिला आहे. आषाढांत तिकडे राहिलेल्या कोणालाही तें पटेल. पण तेथें मापाचा हेतु पेरणीचा. त्या मापाशेजारीं नदीच्या खर्चाचा आंकडा मांडलेला नाहीं. एका बाजूची वही कितीही चोख ठेवली तरी तिच्यावरून शिल्लक कळत नाहीं.

समुद्राकडील बाजू एडमंड हॅले यानें पुरी केली. १६७७ सालीं सेंट हेलेना बेटावर तारे पाहत असतां डोंगरमाथ्यावरील दंव त्याच्या दुर्बिणीच्या कांचांवर वारंवार सांचे. हवेंत पाणी किती असतें याचा तो त्याला धडाच मिळाला. पुढें त्यानें एका पसरट भांड्यांतील कोमट पाण्याची घट तोलून पाहिली, आणि १६८७ सालीं हिशेब प्रसिद्ध केला: भूमध्य समुद्रांतून उन्हाळ्याच्या एका दिवसांत ५२८ कोटि टन पाण्याची वाफ होते, तर त्याला मिळणाऱ्या नऊ मोठ्या नद्या, प्रत्येक थेम्सच्या दसपट धरली तरी, आणून टाकतात १८२ कोटि ७० लक्ष टन. इतक्या नद्या पोटांत घेऊन समुद्र भरत कां नाहीं, या पुरातन कोड्याचें उत्तर या दोन आंकड्यांत होतें.

पेरोच्या गोष्टींत मात्र एक विलक्षण वळण आहे. पाऊस नदीला पुरतो हें सिद्ध करूनही, तो जमिनींत खोल मुरून झऱ्यांना मिळतो हें त्यानें कधींच मानलें नाहीं. उलट नद्यांचेंच पाणी झिरपून झऱ्यांना जातें, असें तो म्हणे. तो १६८० सालीं वारला. एद्म मारियोत यानें पॅरिसच्या पुलाशीं सेन नदीचा वेग तरंगत्या वस्तूंनीं प्रत्यक्ष मापला आणि पावसाच्या षष्ठांशाहूनही कमी पाणी नदीनें जातें असें दाखविलें. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६८६ सालीं निघाला. झऱ्यांच्या बाबतींत त्यानें पुरावा दिला तो पॅरिसच्या वेधशाळेच्या तळघरांचा: खोल जमिनीखालीं असलेल्या त्या तळघरांतील पाझर पावसाबरोबर वाढतो आणि अवर्षणांत मंदावतो. ती वेधशाळा बांधली होती क्लोद पेरोच्या आराखड्यावरून.