पिपची लाज : ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधील प्रतिष्ठेचा प्रश्न

चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात त्याच्याच ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी, १८५९ मध्ये, सॅम्युअल स्माइल्सचे ‘सेल्फ-हेल्प’ प्रकाशित झाले होते. कष्ट आणि चिकाटी यांच्या बळावर सामान्य माणूस वर येतो, हा त्या ग्रंथाचा विश्वास. डिकन्सचा पिप मात्र वर चढतो तो काम करून नव्हे, तर काम सोडून.

पिपच्या अधःपतनाचा आरंभ पैशात नाही, लाजेत आहे. मिस हॅविशमच्या घरी एस्टेला त्याच्या खरखरीत हातांची आणि जाड बुटांची टिंगल करते. ज्या लोहारशाळेत जोच्या हाताखाली शिकण्याचे त्याने स्वप्न पाहिलेले असते, तीच आता त्याला हलकी वाटू लागते. पुढे अज्ञात दात्याच्या पैशावर तो लंडनला जातो. जो भेटीस येणार असे कळताच, पैसे देऊन ही भेट टाळता आली तर बरे, असा विचार त्याच्या मनात येतो. कादंबरीतील सर्वांत क्रूर क्षण आम्हांला हाच वाटतो.

तो दाता मिस हॅविशम नसून हद्दपार झालेला गुन्हेगार मॅग्विच आहे, हे उघड होते तेव्हा पिपला किळस येते. न्यू साउथ वेल्समध्ये मेंढ्या राखून मॅग्विचने जमवलेल्या पैशातूनच पिपचे सभ्यपण विकत घेतलेले असते. १७८८ पासून ब्रिटन आपले कैदी ऑस्ट्रेलियात पाठवीत होते. कैद्यांचे शेवटचे जहाज तेथे १८६८ मध्ये पोचले. म्हणजे पहिल्या वाचकांसाठी हा भूतकाळ पुरता सरलेला नव्हता.

पिपची लाज डिकन्सला बाहेर शोधावी लागली नाही. १८२४ मध्ये त्याचे वडील कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात गेले आणि बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवू लागला. ही हकीकत त्याने वाचकांपासून जन्मभर लपवली. १८७० मध्ये तो वारला; त्यानंतर फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून ती जगाला कळली.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत ‘महत्त्वाकांक्षा माणसाला बिघडवते’ हे वाक्य आम्हांला हमखास भेटते. ते आम्हांला मान्य नाही. घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या मुलामुलींपुढे ‘आपल्या पायरीने राहा’ असा या कादंबरीचा अर्थ लावणे हा अन्याय ठरेल. अक्षरे शिकावीत, असे पिपला वाटणे हा दोष नव्हे. त्याच पैशातून तो हर्बर्टला गुपचूप भागीदारी मिळवून देतो, हेही विसरता कामा नये. दोष आहे तो ज्या हातांनी वाढवले त्यांची ओळख नाकारण्यात.

याचा पुरावा डिकन्सने शेवटाकडे ठेवला आहे. कर्जापायी अटकेची वेळ आलेल्या आजारी पिपची शुश्रूषा जोच करतो, त्याचे कर्जही निमूटपणे फेडतो. आणि त्याच खोलीत बसून तो बिडीला पत्र लिहितो. दरम्यान बिडीने त्याला लिहायला शिकवलेले असते. लोहार लेखणी हाती घेतो, आणि तरीही लोहारच राहतो. शिकण्यासाठी लाजावे लागत नाही, हे पिपला कळायला मात्र सारे गमवावे लागते.